परळचें जुनें देऊळ आणि डॉ. हाफकीन

लालबागेशेजारीं परळ येथें हाफकीन संस्थेची जी वास्तु आहे, ती पूर्वीं जेझुइट धर्मगुरूंचें देऊळ व मठ होती. १७१९ च्या सुमारास इंग्रजांनीं ती जप्त केली. पुढें तेथें गव्हर्नर राहूं लागले, आणि प्रार्थनास्थानाचें नाचघर झालें.

ह्या वास्तूस परोपकाराचें वळण लावणारे डॉ. वाल्डेमार हाफकीन हे १८६० सालीं ओडेसा शहरीं यहुदी कुटुंबांत जन्मले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, तेव्हां त्यांनीं लस तयार करून ती १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या ह्या वास्तूंत आली.

१९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. तो दोष हाफकीनांच्या माथीं बसून त्यांस कामावरून दूर व्हावें लागलें. वास्तविक ती एकच बाटली गांवांत उघडतांना दूषित झाली होती. १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले; परंतु परळची प्रयोगशाळा त्यांस परत लाभली नाहीं. १९२५ सालीं तिला त्यांचें नांव मिळालें. १९३० सालीं लोझान येथें ते निवर्तले.

येथील वेदी गेली, तरी त्याच छपराखालीं परधर्मीय सत्पुरुषाच्या हातून गोरगरिबांचे प्राण वाचले, ह्याचें स्मरण ज्युबिलीच्या वर्षीं आपण कृतज्ञतेनें करावें.