सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस : व्याधीतही अखंड रुग्णसेवा

सोलापूरहून श्रीक्षेत्र अक्कलकोटकडे जाताना वाटेत अक्कलकोट रोड एमआयडीसी लागते. चादरी व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांची ही वसाहत. या मार्गाने दर्शनास जाणाऱ्या कित्येक भाविकांच्या घरी दीर्घ आजाराने ग्रासलेले माणूस असते. देहास व्याधी जडल्यावर जगण्यास काय अर्थ उरतो, हा प्रश्न मनात घेऊनच अनेकजण प्रवासास निघतात. आपल्या आचरणातून या प्रश्नाचे उत्तर देणारे एक थोर पुरुष याच सोलापुरात जन्मास आले. ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

डॉ. कोटणीस यांचा जन्म दि. १० ऑक्टोबर १९१० रोजी एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. सन १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी चीनने भारताकडे साहाय्य मागितले. त्यावेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी व डॉ. कोटणीस हे ते पाच जण. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून बोटीने चीनकडे रवाना झाले.

परदेशी असतानाच डॉ. कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी परतावे, असे सहकाऱ्यांनी सुचविले. परंतु हाती घेतलेले कार्य अर्धवट टाकणे त्यांना मान्य झाले नाही. उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात ते प्रत्यक्ष आघाडीवर गेले. सन १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास जागून शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ज्यांचे नाव या रुग्णालयास देण्यात आले, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून सन १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन निवर्तले होते. रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. खेड्यांतील शेतकऱ्यांच्या घरांतच रुग्णांची सोय केलेली असे.

याच काळात डॉ. कोटणीस यांना अपस्माराचे, म्हणजे फिटचे, झटके येऊ लागले. स्वतः डॉक्टर असल्यामुळे या व्याधीचे गांभीर्य ते जाणून होते. उपचारासाठी अन्यत्र जावे, असा आग्रह वरिष्ठांनी केला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला. झटका ओसरला की ते पुन्हा रुग्णांकडे वळत. विद्यार्थ्यांना शिकविणे आणि शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखन त्यांनी चालूच ठेवले. परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी ते सन १९४१ मध्ये विवाहबद्ध झाले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्ररत्न झाले. भारत व चीन या दोन्ही देशांची खूण म्हणून बाळाचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले.

बाळ साडेतीन महिन्यांचे असताना झटक्यांनी उग्र रूप धारण केले. पत्नी व सहकारी उशाशी होते. वेढलेल्या त्या मुलखात औषधांचा कायमच तुटवडा होता. सर्वांनी शर्थ केली; परंतु दि. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी डॉ. कोटणीस यांची प्राणज्योत मालवली. ज्यांनी हजारो कोसांवर परक्यांची शुश्रूषा केली, त्यांच्या अखेरच्या घटकेस तेच परके आप्त होऊन जवळ बसले होते.

पुत्र यिनहुआ हेही वैद्यकीय शिक्षण घेत होते. सन १९६७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. श्रीमती ग्वो छिंगलान सन २०१२ मध्ये निवर्तल्या. चीनमधील शिजियाझुआंग येथे डॉ. कोटणीस यांची समाधी आहे. सन १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला.

या चरित्राचा बोध नीट समजून घ्यावा. उपचार टाळणे हा त्याचा बोध नव्हे. त्या काळी युद्धभूमीवर जे दुर्लभ होते, ते उपचार आज उपलब्ध आहेत. नियमित औषधांनी अपस्माराचे बहुतांश रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. यंत्रावर काम करणाऱ्यांनी हा आजार लपवू नये. कोणास झटका आल्यास कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

व्याधी माणसाचे आयुष्य कमी करू शकते; परंतु आहे ते आयुष्य कोणासाठी वेचावे, हे व्याधी ठरवीत नाही. तसेच जे आता बरे होणार नाहीत, त्यांच्या उशाशी बसणे ही देखील सेवाच होय. सोलापुरातील डॉ. कोटणीस यांचे राहते घर स्मारकरूपाने जतन केलेले आहे. भाविकांनी सवडीने तेथेही अवश्य जाऊन यावे.