विजयालक्ष्मीबाई आणि परदेशचा गहू

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम रेशनची रांग उभी राहिली. १९५१ साली मी सात वर्षांची होते. पिशवी धरून आईबरोबर रांगेत जात असे. त्या जानेवारीत माणशी रोजचे १२ औंस धान्य ९ औंसांवर आले होते. तेवढ्यात घर कसे भागवायचे, ते आईच जाणे! त्या रांगेसाठी वॉशिंग्टनमध्ये एक बाई झटत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले.

विजयालक्ष्मी पंडित म्हणजे नेहरूंची बहीण, एवढ्यावरच आपण बहुधा थांबतो. त्यांचा जन्म १९०० सालचा, अलाहाबादचा. पती रणजित पंडित यांचे घराणे मूळचे कोकणातले, म्हणजे बाई आपल्याकडच्या सूनच! १९३७ मध्ये त्या संयुक्त प्रांतात मंत्री झाल्या, तुरुंगवासही घडला. १९४४ च्या जानेवारीत, तुरुंगात प्रकृती खालावलेले पती गेले. पदरी तीन मुली, आणि त्यातच सासरच्या मालमत्तेवरून तंटा. हक्काचे मागतानाही मान कशी खाली जाते, हे त्यांनी घरातच अनुभवले असावे, असे मला वाटते.

मॉस्कोनंतर १९४९ मध्ये त्या अमेरिकेत राजदूत झाल्या. फाळणीने पश्चिम पंजाबचा गव्हाचा मुलूख गेलेला. त्यात १९५० साली आसामात भूकंप, कुठे महापूर, कुठे अवर्षण. डिसेंबरात बाईंनी अमेरिकन सरकारकडे २० लाख टन धान्य मागितले.

मागणे सोपे होते, मिळणे नव्हे. कोरियात युद्ध पेटले होते आणि चीनला आक्रमक ठरवण्याच्या ठरावाला भारताने विरोध केला होता. जे आपल्या बाजूने उभे राहत नाहीत त्यांना गहू कशाला, असा सूर तिथल्या काँग्रेसमध्ये निघाला. कुणाला मोबदल्यात त्रावणकोरची मोनाझाइट वाळू हवी होती. अध्यक्ष ट्रुमन यांनी फेब्रुवारीत मदतीची शिफारस केली, तरी महिने लोटले. इकडे धोरण विकून धान्य घेणार नाही, असे दिल्लीने बजावले होते. दोन्हीकडचे सांभाळायचे ते बाईंनी! घरात पाहुणे आणि डब्यात पीठ नाही, अशा वेळी शेजारणीकडे गेलेल्या बाईला ही कसरत निराळी सांगावी लागणार नाही. दरम्यान भारताने रशिया व चीनकडूनही धान्य घेतले. अखेर १५ जून १९५१ रोजी कायद्यावर सही झाली. दान नव्हे, १९ कोटी डॉलरचे कर्ज! मला तर तेच बरे वाटते.

पुढे १९५३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, १९६२ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल. १९९० साली देहरादूनला वारल्या.

माझ्या आईने त्यांचे नाव कधी घेतल्याचे मला आठवत नाही. परदेशी गव्हाच्या पोळ्या तव्यावरच कडक होतात, एवढीच तिची तक्रार असे. मात्र डब्याच्या तळाचे पीठसुद्धा ती झटकून घेई.