विश्लेषण : थेट जनतेने निवडलेला अध्यक्ष चार वर्षांत सम्राट कसा झाला?

फ्रान्सने १८४८मध्ये पहिल्यांदाच देशाचा अध्यक्ष थेट जनतेतून निवडला. निवडून आलेल्या लुई नेपोलियन बोनापार्टने पुढे प्रजासत्ताकच गुंडाळले.

कोण होता लुई नेपोलियन?

सम्राट नेपोलियनचा पुतण्या. जन्म १८०८, पॅरिस. काकाचा पाडाव झाल्यावर घराणे देशाबाहेर गेले. सत्तेसाठी त्याने १८३६मध्ये स्ट्रासबर्गला आणि १८४०मध्ये बुलोनला बंड केले. दोन्ही फसली, दुसऱ्या वेळी जन्मठेप झाली. १८४६मध्ये मजुराचे कपडे घालून, खांद्यावर फळी घेऊन तो तुरुंगाच्या दारातून चालत बाहेर पडला आणि लंडनला पोहोचला.

मग अध्यक्ष कसा झाला?

१८४८च्या क्रांतीने राजेशाही गेली आणि सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. अध्यक्षाच्या थेट निवडणुकीला ज्यूल ग्रेव्ही या सदस्याने विरोध केला. लोकप्रियतेच्या लाटेवर एखादा राजघराण्यातला माणूस निवडून आला तर काय, हा त्याचा सवाल होता. त्याची उपसूचना १५८ विरुद्ध ६४३ मतांनी फेटाळली गेली. थेट निवडणुकीची बाजू जोरात मांडणारा कवी लामार्तिन स्वतःही उमेदवार होता. त्याला साधारण २० हजार मते पडली, लुई नेपोलियनला सुमारे ५४ लाख! एकूण मतदान होते सुमारे ७४ लाख. खेड्यातल्या शेतकऱ्याला उमेदवारांपैकी एकच आडनाव ओळखीचे होते.

घोळ कुठे झाला?

अध्यक्ष जनतेने निवडलेला आणि संसदही. दोघांचे बिनसले तर शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तर राज्यघटनेत नव्हते. डिझाइनमधलीच चूक म्हणा ना. त्यात अध्यक्षाला लगेच दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते. ही अट काढण्याच्या ठरावाला जुलै १८५१मध्ये ४४६ मते मिळाली, विरोधात २७८. पण तीन चतुर्थांश बहुमत हवे होते.

२ डिसेंबर १८५१ रोजी त्याने लष्कर रस्त्यावर उतरवले, संसद बरखास्त केली आणि विरोधी नेत्यांना अटक केली. संसदेने आदल्या वर्षी सुमारे ३० लाख लोकांचा मताधिकार काढून घेतला होता. तो त्याने परत दिला. लगोलग जनमत घेतले आणि ७४ लाखांहून अधिक लोकांनी होकार दिला. बरोबर वर्षभराने तो सम्राट तिसरा नेपोलियन झाला.

१८७०मध्ये सेदानच्या लढाईत तो प्रशियाच्या हाती सापडला, साम्राज्य कोसळले. १८७३मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर अध्यक्ष संसदेतून निवडला जाऊ लागला. १८७९मध्ये तसा निवडून आलेला अध्यक्ष होता ज्यूल ग्रेव्ही. फ्रेंच जनतेने पुन्हा थेट अध्यक्ष निवडला तो १९६५मध्ये.