धन्यवादित तोलेंतिनोकर थॉमस

आपलें खोपट ज्या ठाण्यांत वसलें आहे, तेथेंच १३२१ सालच्या एप्रिलांत चार फ्रान्सिस्कनांनीं ख्रिस्तासाठीं प्राण दिले, हें पुष्कळ श्रद्धावंतांस ठाऊकही नसतें. त्यांपैकीं थॉमस इटलींतील तोलेंतिनोचे. संत फ्रान्सिसचें दारिद्र्यव्रत काटेकोर पाळावें या आग्रहापायीं त्यांस परक्यांनीं नव्हे, स्वसंघाच्या वरिष्ठांनींच कित्येक वर्षें बंदींत ठेविलें. माझ्या मतें त्यांची खरी कसोटी तीच. शत्रूचा घाव सोसवतो, घरच्यांचा सोसणें कठीण. तरी संघ त्यांनीं सोडिला नाहीं. सुटकेनंतर ते आर्मेनियास गेले, आणि उतारवयांत चीनच्या ओढीनें पुन्हां पूर्वेकडे निघाले.

कोल्लमकडे जाणारें त्यांचें गलबत वाऱ्यानें ठाण्यास लागलें. नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबानें त्यांस आसरा दिला. ओडोरिकच्या वृत्तांताप्रमाणें, त्या घरांतील नवराबायकोचें भांडण काजीपुढें गेलें, आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांसही बोलावणें आलें. तेथें श्रद्धेविषयीं प्रश्न निघाला. थॉमस यांनीं उत्तर फिरविलें नाहीं. त्यांचा शिरच्छेद झाला.

सोबती जॉर्डन यांनीं देह सोपाऱ्यास पुरले. पुढें ओडोरिकनें अस्थि चीनला नेल्या. १८९४ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं थॉमस यांच्या पूजनास मान्यता दिली. त्यांचें शिर मात्र तोलेंतिनोस पोंचलें.