धुरंधरांची रोजची रेघ

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव करवीरकरांस नवे नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांतून त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती अजूनही दिवाणखान्यात टांगलेल्या आढळतात. चित्र कोणाच्या हातचे हे घरच्या धाकट्यांना ठाऊक नसले, तरी त्यातल्या नऊवारीतल्या बायका त्यांना आपल्या आजीपणजीसारख्या वाटतात. माझा मात्र धुरंधरांशी खरा परिचय कोल्हापुरात झाला नाही. तो झाला गुलबर्ग्यास, म्हणजे हल्लीच्या कलबुर्गीस, आणि तोही माझा गळा बसल्यामुळे.

माझे वडील दरबारी गवई. संस्थान १९४९ साली विलीन झाले, तरी सणासुदीच्या हजेऱ्या त्यांनी पुढे पुष्कळ वर्षे चालविल्या. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. पहाटे उठून तासभर नुसता षड्ज लावायचा, ही त्यांची शिस्त. पुढे गायनशिक्षक म्हणून मी गुलबर्गा आणि बीदर या दोन जिल्ह्यांत राहिलो. वडील गेले, त्यानंतर रियाज ढिला पडला, आणि काही वर्षांपूर्वी एके दिवशी आवाजच फुटेना. वैद्यांनी तीन महिने बोलणेसुद्धा बंद सांगितले. गळा परत येईल की नाही, याची हमी कोणी देईना. शिकवण्या थांबल्या. पहाटे जाग तर नेमकी यायची आणि करायला काही नसायचे.

तेव्हा मनात आले, चित्र काढावे. मोठे कागद आणले, महाग रंग आणले आणि हफ्त गुम्बजच्या थडग्यांसमोर जाऊन बसलो. आठव्या दिवशी सगळे गुंडाळून ठेवले. जे डोळ्यांना दिसे ते हाताला येईना, आणि रोज एक फसलेले चित्र घरी आणण्याची लाज वाटू लागली. त्याच सुमारास एका स्नेह्यांनी धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त वाचायला दिले. १९४० साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. बोलायची बंदी असलेल्या माणसाने वाचावे तसे मी ते वाचले.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ चा. पाठारे प्रभूंचे घर. बालपण आणि शिक्षण कोल्हापुरात. चित्रकलेची ओढ त्यांना मुंबईस घेऊन गेली आणि १८९० साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या वेळी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेणारे ग्रिफिथ्स साहेब तेथे प्रमुख होते. तिथला अभ्यास कष्टाचा असे. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसविलेल्या माणसावरून, आणि त्यानंतर रंग. धुरंधरांनी त्या चाकोरीचा कंटाळा केला नाही. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

इथवरची कथा यशाची. पण १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि १८९७ त त्यांची पहिली पत्नी बापूबाई त्या साथीत गेली. तरुण वय, नोकरीचे पहिले दिवस आणि रिकामे घर. अशा वेळी कलावंताचा हात थांबला तर त्याला कोणी दोष देत नाही. धुरंधरांचा हात थांबला नाही. शाळा चालू राहिली, रेखाटने चालू राहिली. पुढे गंगूबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. घरची माणसे ही त्यांच्या चित्रांची नेहमीची माणसे होती. नमुना शोधायला त्यांना दूर जावे लागत नसे.

त्यांच्या कामाचा पसारा पाहिला म्हणजे छाती दडपते. पौराणिक व ऐतिहासिक चित्रे, तसबिरी, पुस्तकांसाठी चित्रे, पोस्टकार्डे, जाहिराती, सगळेच. किंकेड साहेबांचे दख्खनच्या कहाण्यांचे १९१४ सालचे पुस्तक आणि रॉथफेल्ड साहेबांचे हिंदी स्त्रियांवरचे १९२० सालचे पुस्तक, ही दोन्ही त्यांच्या चित्रांनी सजली. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचे चाहते व आश्रयदाते. औंधच्या संग्रहात त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात. नव्या दिल्लीच्या सचिवालयासाठीही त्यांनी भिंतीवरची चित्रे केली. १९२७ साली रावबहादूर हा किताब मिळाला. १९३० साली काही काळ स्कूलचे संचालकपद त्यांच्याकडे आले; तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. १९३१ साली ते निवृत्त झाले आणि १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या अंबिकाबाई याही नामांकित चित्रकर्त्री होत्या. त्या २००९ सालापर्यंत हयात होत्या.

हे सगळे नोकरी सांभाळून झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. दिवसभर मुलांना शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एवढे काम, हे कसे साधले? त्याचे उत्तर मोठ्या चित्रांत सापडत नाही. ते त्यांच्या लहान रेखाटनांत सापडते. रस्त्यावरची माणसे, घरातली बाई, पागोटे बांधलेला कोणी, पदर सावरणारी कोणी, अशी हजारो रेखाटने त्यांनी केली, आणि त्यांतल्या पुष्कळांवर सही व तारीख आहे. कागद लहान, साधन बहुधा पेन्सिल, आणि विषय डोळ्यांपुढे असेल तो. पुढे मोठ्या चित्रात पन्नास माणसे उभी करायची वेळ आली की ती उभी करणारा हात आधीच तयार असे.

हे वाचले आणि माझी चूक मला उमगली. मी पहिल्याच दिवशी मैफल मांडायला निघालो होतो. वडिलांनी मला कधी पहिल्या दिवशी राग दिला नव्हता. मोठे कागद बाजूला ठेवले, खिशात मावेल अशी वही घेतली आणि तंबोऱ्याची एक खुंटी काढली. खाली तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तीच खुंटी. चित्र बरे की वाईट हे पाहायचे नाही, तारीख चुकली का एवढेच पाहायचे, असा नेम केला. चुकलीही, दोन वेळा आठ-आठ दिवस. पण वही लहान असल्यामुळे परत उघडायची भीती वाटली नाही.

पुढे बीदरला बिदरीचे कारागीर पाहिले. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर मोरचुदाने काळपट थर द्यायचा आणि त्यावर बारीक कलमाने हातानेच वेलबुट्टी कोरायची. मग त्यात चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीने भांडे काळे करायचे. कोरणाऱ्यापुढे कित्ता नसतो. हात वर्षानुवर्षे तेच वळण घेत आलेला असतो. गुलबर्ग्याचेच एस. एम. पंडित याच जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि सिनेमाच्या जाहिरातींतून व दिनदर्शिकांतून घरोघर पोहोचले. आज त्यांच्या नावाचे रंगमंदिर गावात आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम तेथे होतात.

तीन महिन्यांनी गळा परत आला, पण पूर्वीचा नाही. तार सप्तकात तो आता विश्वासाचा राहिला नाही. मैफल मी करीत नाही, शिकवतो. पहाटेचा षड्ज मात्र पुन्हा सुरू झाला आहे, आणि त्यानंतर वही. सध्या सातवी वही चालू आहे. वडिलांचा तंबोरा तिच्यात किती वेळा आला असेल ते मोजलेले नाही. अगदी अलीकडे, एकदा, त्याचा भोपळा साधला.