गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव

विद्यार्थिमित्रहो, पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठावे, तेथून साताऱ्यास उतरावे आणि दक्षिणेची वाट धरावी, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाड लागते. त्याच्या अगदी निकट गोळेश्वर नावाचे एक लहानसे खेडे आहे. स्वतंत्र भारतास ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे या खेड्याचे सुपुत्र होत.

त्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल असल्यामुळे तांबड्या मातीचा संस्कार खाशाबांस घरातच लाभला. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. देहाने ते ठेंगणे व सडपातळ होते; परंतु चपळाई आणि डावांचे ज्ञान यांच्या बळावर ते आपल्याहून धिप्पाड गड्यास सहज चीत करीत.

1948 साली लंडन येथील ऑलिंपिकात जाण्याचा योग आला. त्या प्रवासास कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य झाले. आजवर मातीत खेळलेल्या या तरुणास तेथे गादीवर लढावे लागले, आणि नियमही निराळे होते. तरीही त्यांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. दुसरा एखादा एवढ्यावर संतुष्ट झाला असता. खाशाबांनी मात्र आपले उणे कोठे पडले हे हेरून पुढील चार वर्षे कसून मेहनत केली.

1952 साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा खरी अडचण पैशाची होती. फिनलंड देशापर्यंतचा खर्च शेतकऱ्याच्या पोरास कसा झेपावा? अशा वेळी गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी यथाशक्ति वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी गुरूने घर गहाण टाकावे, ही गोष्ट आपण सर्वांनी, विशेषतः पालकांनी, मनन करण्याजोगी आहे.

हेलसिंकीस खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस हरविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली व तीत ते पराभूत झाले. त्यानंतर पुरती विश्रांती न मिळताच त्यांस सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि त्यांच्या बाजूने दाद मागण्यास कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. ती कुस्तीही हातची गेली, तथापि कांस्यपदक त्यांच्या पदरी पडले. तो दिवस होता 23 जुलै 1952. इतके मोठे यश दुसऱ्या भारतीयाने एकट्याने मिळविण्यास पुढे 1996 साल उजाडावे लागले.

परत आल्यावर कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण या वीराची थोरवी त्यानंतरच्या कृतीत अधिक दिसते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढून बिदागी मिळविली, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. उपकाराची आठवण मुखाने सांगणारे पुष्कळ. ती घाम गाळून फेडणारे विरळा.

आयर्लंड देशात 1884 साली थर्ल्स या गावी गेलिक खेळांची एक संस्था स्थापन झाली. वाकड्या काठीने खेळावयाचा हर्लिंग आणि तिकडचा देशी फुटबॉल हे खेळ लोपू नयेत, असा तिचा हेतू. तेथे खेड्याखेड्यांत तिचे संघ निघाले. खेळाडू मोबदल्यावाचून आपल्या गावासाठी खेळतात आणि गाव त्यांच्या पाठीशी उभे राहते. आमच्याकडे हेच कार्य गावच्या तालमीने केले. तालीम म्हणजे केवळ मातीचा हौदा नव्हे. एका पोराच्या अंगी गुण दिसला की तो सगळ्या गावाने आपला मानावा, अशी ती शाळाच होय. खाशाबांचे पदक एकट्याच्या दंडातून जितके आले, तितकेच त्या वर्गणीतूनही आले.

पुढील कथा मात्र खेदाची आहे. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले व साहाय्यक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून निवृत्त झाले. परंतु त्यांच्या कर्तृत्वास साजेसा मान त्यांस हयातीत मिळाला नाही, आणि उत्तरायुष्यात पैशाची ओढाताण सोसावी लागली. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. 2000 सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर देण्यात आला, आणि पुढे दिल्लीच्या कुस्ती क्रीडागारास त्यांचे नाव दिले गेले. जो मान गावाने त्यांस बैलगाड्या जुंपून त्याच वर्षी दिला, तो देण्यास देशास जवळजवळ अर्धे शतक लागले.

बालमित्रहो, महाड-पोलादपुराच्या डोंगराळ मुलखातही दरडी चढून काटक झालेली मुले आहेत, आणि गावोगाव कबड्डीची पटांगणे आहेत. त्यांतील एखाद्याच्या अंगी असा गुण असेलही. तो असेल तर मेहनत त्याने करावी. परंतु तो ओळखावयाचा आणि वेळीच हात द्यावयाचा, हे काम वडीलधाऱ्यांचे व गावाचे आहे. गुणी मनुष्याच्या मरणानंतर पुतळा उभारण्यापेक्षा त्याच्या उमेदीच्या वयात गाडीभाड्याचे चार पैसे जमविणे अधिक मोलाचे, हाच गोळेश्वरचा धडा आहे.