गांधीजी आणि शल्यचिकित्सकाची सुरी

नागपूरच्या महालातील जुना जुम्मा दरवाजा आज गांधीगेट म्हणून ओळखला जातो, तर जवळचा शुक्रवारी तलाव गांधीसागर या नावाने. या दोन्ही जुन्या खुणांना ज्यांचे नाव मिळाले, त्या महात्मा गांधींचे नागपूरशी नाते १९२० च्या डिसेंबरमधील काँग्रेस अधिवेशनाने दृढ झाले. असहकाराच्या ठरावावर याच शहरात शिक्कामोर्तब झाले होते. राजकारणातील गांधीजी सर्वांनाच ठाऊक आहेत. मात्र पित्ताशयात खडे असल्याचे कळल्यावर शस्त्रक्रिया करावी की पथ्यपाण्यावर भागवावे, या विवंचनेत सापडलेल्या माणसाला जवळचे वाटावेत, असे गांधीजी फारसे कोणी सांगत नाही. शस्त्रक्रियेचा प्रश्न त्यांच्या घरात आणि आयुष्यात एकदा नव्हे, वारंवार उभा राहिला होता.

पहिला प्रसंग राजकोटचा. वडील करमचंद गांधी भगंदराने अंथरुणाला खिळले होते. वैद्यांची मलमे झाली, हकिमांचे लेप झाले. अखेर एका इंग्रज शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. मुंबईच्या एका नामांकित डॉक्टरकडून ती व्हायची होती; पण या वयात ती नको, असा कुटुंबाच्या वैद्यांनी आग्रह धरला आणि बेत रहित झाला. १८८५ मध्ये करमचंद गेले. शस्त्रक्रिया झाली असती तर जखम सहज भरून आली असती, असे मुलाला वाटत राहिले आणि पुढे आत्मचरित्रात त्यांनी ते नोंदवलेही. गांधीजींना स्वतःला डॉक्टर व्हावेसे वाटत होते. परंतु वैष्णव घराला शवविच्छेदन मान्य होण्यासारखे नव्हते. १८८८ मध्ये ते लंडनला गेले ते बॅरिस्टर होण्यासाठी.

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. प्रकृती इतकी क्षीण झाली होती की डॉक्टरांना क्लोरोफॉर्मही देता आला नाही. कस्तुरबांनी त्या वेदना धैर्याने सोसल्या. नंतर डॉक्टरांनी गोमांसाचा रस देण्याचा आग्रह धरला, तेव्हा मात्र त्यांनी ठाम नकार दिला. गांधीजींनी हा निर्णय पत्नीवर सोपवला आणि तो पाळताना त्यांना त्या डॉक्टरांच्या घरून हलवण्याचा धोकाही पत्करला. सुरीला संमती दिली म्हणजे डॉक्टरांच्या प्रत्येक शब्दाला संमती दिली असे होत नाही, हे त्या घरात तेव्हाच ठरले होते.

१९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली. माणसाने संयम सोडायचा आणि डॉक्टरने त्याचे परिणाम औषधाने पुसायचे, यातून शरीर व मन दोन्ही दुबळी होतात, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलाल यांच्या हातून त्यांनी गुदमार्गाच्या विकारावर शस्त्रक्रिया करून घेतली. खरी कसोटी मात्र पाच वर्षांनी लागायची होती.

मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात करण्यात आली. जानेवारी १९२४ मध्ये पोटदुखी व ताप बळावला. निदान झाले अपेंडिसायटिसचे, म्हणजे आंत्रपुच्छाच्या दाहाचे. आंत्रपुच्छ फुटले तर जंतुसंसर्ग पोटभर पसरतो. पेनिसिलिनचा शोध लागायलाही तेव्हा चार वर्षे अवकाश होता. १२ जानेवारी रोजी त्यांना ससून रुग्णालयात आणण्यात आले. डॉ. दलाल किंवा डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून शस्त्रक्रिया व्हावी, अशी त्यांची इच्छा होती व सरकारने ती मान्यही केली होती. परंतु दोघांशीही वेळेत संपर्क होऊ शकला नाही आणि थांबणे जिवावर बेतणारे होते.

निर्णय कैद्याचा, सुरी सरकारी शल्यचिकित्सकाच्या हाती. काही बरेवाईट झाले असते तर देशभर आगडोंब उसळला असता, याची जाणीव दोन्ही बाजूंना होती. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना पाचारण करण्यात आले आणि निवेदन तयार झाले. कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास आहे, उपचारांबद्दल तक्रार नाही आणि परिणाम काहीही झाला तरी सरकारविरुद्ध आंदोलन होऊ नये, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी ते ऐकून घेतले व थरथरत्या हाताने सही केली. देशाला संदेश देण्याचे मात्र त्यांनी नाकारले, कारण ते कैदी होते.

त्या रात्री वादळी पावसाने वीज गेली. परिचारिकेच्या हातातील विजेरीही विझली आणि कंदिलाच्या उजेडात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया पूर्ण केली. जखमेत पू झाल्याने प्रकृती सुधारण्यास वेळ लागला. ५ फेब्रुवारी रोजी उर्वरित शिक्षा माफ करून त्यांची सुटका करण्यात आली.

डॉक्टरांवर इतकी टीका करणाऱ्याने शस्त्रक्रिया कशी करून घेतली, हा प्रश्न पुढे त्यांना विचारला गेलाच. गांधीजींनी सारवासारव केली नाही. जगण्याची इच्छा प्रबळ ठरली, ही आपल्या आत्मबळाची उणीव होय, असे त्यांनी मान्य केले. कर्नल मॅडॉक यांच्याविषयीची कृतज्ञताही लपवली नाही. पुढे मे १९४७ मध्ये पाटण्यात नात मनूला हाच आजार झाला. प्रथम त्यांनी निसर्गोपचार करून पाहिले. उतार पडेना, तेव्हा शस्त्रक्रियेला संमती दिली आणि तोंडाला पट्टी बांधून ते स्वतः तेथे उपस्थित राहिले.

पित्ताशयातील खड्यांची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेले आणि त्रास न देणारे खडे बहुधा लगेच काढावे लागत नाहीत. तेथे विचाराला अवधी असतो. पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येऊ लागली, तर निर्णय लांबवण्यात शहाणपण नसते आणि सोबत ताप किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले, तेव्हापासून भारतात ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य झाली आहे. भीती मात्र जुनीच आहे. सुरी नको म्हणणारे घरातील वडीलधारे आजही असतात. त्यांचे म्हणणे जरूर ऐकावे, पण आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न आधी विचारावेत: शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल आणि थांबायला किती वेळ आहे? करमचंदांच्या आजारपणात शेवटचा शब्द वैद्यांचा ठरला होता. ससूनमध्ये तो रुग्णाचा होता.